रिकामी इमारत कोसळली

“…म्हणजे माझी इमारत मोठी आहे की तुमचं सॉफ्टवेअर लहान आहे, एवढंच सांगा सर.”

प्रद्योत तेरदाळेने हे विचारलं तेव्हा त्याने डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

मुजावर सर ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी वर पाहिलं.

“कोसळलं का?”

“कोसळलं. सकाळपासून नुसतं कोसळतंय. माझ्याकडे कोसळतंय, अग्निशमन केंद्रातल्या कॉम्प्युटरवरही कोसळतंय.”

“वा!”

सरांनी उरलेल्या शेंगा माझ्या हातात कोंबल्या, टाळी वाजवली आणि सत्तरीतला माणूस उठतो त्याच्या दुप्पट वेगाने उठले.

“चल, चल. दाखव!”

मी रत्नमाला. सरांकडे नकाशांचं काम करते, आणि असे तणतणत येणारे लोक पाहण्याची मला सवय आहे. हुसेन मुजावर भूमापन खात्यातून निवृत्त झाले आणि दर्ग्याच्या टेकडीखालच्या वडिलांच्या घरात कॉम्प्युटर मांडून बसले. तिथे त्यांनी ‘वाटाड्या’ नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर लिहिलं. आसपासच्या गावांतल्या अग्निशमन केंद्रांत आता तेच चालतं. फोन आला की पडद्यावर गल्ली दिसते, इमारत दिसते, इमारतीतले जिने दिसतात, आणि बंब निघण्याआधी आत शिरायची वाट ठरते.

सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं की बाकीचे क्रॅश झालं म्हणतात. सर कोसळलं म्हणतात, म्हणून आम्हीही तसंच म्हणतो.

सरांकडे लोक शिकायला येतात. काही जण शिकवायला येतात. प्रद्योत चार वर्षांपूर्वी शिकायला आला होता. पावसाळ्यात आला आणि दिवाळीआधीच, “आता मला येतं सर,” असं सांगून निघून गेला. खोटं नव्हतं ते. त्याला खरंच येत होतं. पण असं सांगून जाणाऱ्याची पाठ मला आवडत नाही, ती त्याचीही आवडली नव्हती.

तो आज परत आला होता, आणि खुर्चीत बसण्याआधीच बोलत होता.

“नगरपालिकेचं नवं रुग्णालय, सर. पाच मजले. कॉम्प्युटरवरचं पूर्ण मॉडेल मी एकट्याने उभं केलंय. प्रत्येक नळाला आटे आहेत. प्रत्येक खाटेला चाकं आहेत. ऑक्सिजनच्या नळीतला वॉशरसुद्धा आहे! पुण्याच्या लोकांनी बघितलं तर तोंडात बोट घालतील. आणि तुमचा वाटाड्या… उघडायला गेलं की मरतो.”

“वॉशर पण?” सरांचे डोळे चमकले.

“वॉशर पण.”

“बघू, बघू.”

मी मध्येच विचारलं, “एवढं उन्हात धावत यायचं काय कारण? फोन करायचास.”

प्रद्योतने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

“रत्नाताई, आज चार वाजता निवडणूक जाहीर होणार आहे. आचारसंहिता लागली की नवीन काहीच सुरू करता येत नाही. रुग्णालय तयार आहे, पण अग्निशमनची संमती अडलीय. तिथल्या हणबर मॅडम म्हणतात, नवी इमारत आमच्या नकाशात उघडली पाहिजे, जिने दिसले पाहिजेत, मगच सही. त्यांचंही चुकत नाही. संमती चारच्या आत मिळाली तर उद्या सकाळी बालविभाग नव्या इमारतीत हलेल. नाही मिळाली तर दीड महिना जुन्याच इमारतीत.”

“मग दीड महिना…”

“तिथलं छत पडतंय ताई. मागच्या आठवड्यात गिलाव्याचा पत्र्याएवढा तुकडा दोन खाटांच्या मध्ये पडला.”

सर कॉम्प्युटर चालू करत होते. मागे न बघताच त्यांनी विचारलं, “कोण आहे रे तुझं तिथं?”

…

“बहिणीचं बाळ,” प्रद्योत म्हणाला. “लवकर झालंय. काचेच्या पेटीत आहे. पेटीच्या बरोबर वर छताला भेग आहे.”

त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मला त्याच्या पाठीबद्दल जे वाटत होतं, ते मी त्या क्षणी सोडून दिलं.

सरांनी खुर्ची ओढली. “कोसळव.”

“काय?”

“माझ्यासमोर कोसळव. ऐकीव कोसळण्यावर माझा विश्वास नाही.”

प्रद्योतने मॉडेल वाटाड्यात चढवायला घेतलं. पडद्याच्या तळाशी हिरवी पट्टी सरकू लागली. अर्ध्यापर्यंत गेली, पाऊणपर्यंत गेली. कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. मग पडदा पांढरा पडला आणि वाटाड्या नाहीसा झाला.

“वा!” सर म्हणाले. “पुन्हा.”

पुन्हा तसंच झालं. सर पुढे वाकून असे बघत होते, जणू गावात तमाशा आलाय.

“त्याच जागी थांबतंय, बघितलंस? त्याच जागी!”

“सर, मला कळतंय तुम्ही काय म्हणणार,” प्रद्योत म्हणाला. “हलकं कर म्हणणार.”

“मी कुठं काय म्हणालो?”

“फार जड आहे, काढून टाक म्हणणार.”

“वाटतं तसं तर करून बघ की.”

प्रद्योतने मूळ फाईल बाजूला ठेवली आणि तिच्या नकलेवर काम सुरू केलं. आधी वॉशर गेले. मग नळ, मग खाटा. प्रत्येक गोष्ट पुसताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्या खाटांच्या चाकांवर त्याने बहुतेक दिवाळीची सुट्टी घालवली असावी.

चढवलं. हिरवी पट्टी. पाऊण. पांढरा पडदा.

सरांनी टाळी वाजवली.

प्रद्योत दातओठ खात पुढे निघाला. दारं पुसली. खिडक्या पुसल्या. लिफ्ट काढली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या काढल्या. इमारतीचा नुसता सांगाडा राहिला.

पाऊण. पांढरा पडदा.

टाळी.

मग प्रद्योतने कीबोर्डवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. 

…

“समजलं सर,” तो हळू आवाजात म्हणाला.

“काय?”

“मी फार भरून ठेवलं होतं. मॉडेलमध्येही आणि… माझ्यातही. वॉशर दाखवायचा सोस. सोडायला शिकलं पाहिजे. तुम्ही मला तेच दाखवत होता.”

त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, झालं. अशा गोष्टी इथेच संपतात. गुरू हसतो, शिष्य पाया पडतो, आणि ऐकणारे माना डोलावत जेवायला जातात.

सर त्याच्याकडे बघतच राहिले.

“अरे, पण कोसळतंय की अजून.”

“…हो.”

“मग काय समजलं तुला?”

प्रद्योतने बाहीने डोळे पुसले. 

“रडायचं आहे ते चारनंतर रड,” सर म्हणाले. “आधी पुस.”

“काय पुसू? आता भिंती आणि जिनेच राहिलेत.”

“भिंती पुस.”

भिंती गेल्या. पडद्यावर पाच मजल्यांचे जिने हवेत लोंबकळत राहिले. त्यांच्यावरून कुणी चढणार नव्हतं.

कोसळलं.

“जिने पुस.”

“सर, जिने पुसले तर काहीच उरत नाही! मॅडमना जिनेच तर दाखवायचेत!”

“नक्कल आहे ना? पुस.”

प्रद्योतने सगळं निवडलं आणि पुसलं. पडदा कोरा झाला. एक रेघ नाही, एक ठिपका नाही. त्याने ती कोरी फाईल सेव्ह केली आणि वाटाड्यात चढवली. मला वाटतं, ते त्याने निव्वळ रागाने केलं.

हिरवी पट्टी सरकली. अर्धी झाली. पाऊण झाली.

पडदा पांढरा पडला.

…

 बाहेर टेकडीवर कुणाची तरी शेळी ओरडत होती, तेवढाच आवाज.  काही नसलेली इमारत कोसळली होती.

आणि मग सर उठले. दोन्ही हात वर करून त्यांनी खोलीत एक गिरकी घेतली.

“रत्ना! रिकामी इमारत कोसळली! रिकामी! चहा टाक, साखर जास्त टाक!”

“सर!” प्रद्योत ओरडला. खुर्ची मागे आपटली. “तिकडं ते पोर भेगेखाली आहे आणि तुम्ही नाचताय? लाज…”

पुढचं त्याने गिळलं. पण आम्हाला ऐकू यायचं ते आलंच.

सर थांबले. त्यांना राग आला नाही. त्यांनी आपटलेली खुर्ची सरळ केली, प्रद्योतच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

“भरल्या घरात चोर कुठं शोधला असतास? नळाच्या मागं? खाटेखाली? संध्याकाळ झाली असती. आता घर रिकामं आहे, बाळा. आणि चोर आतच आहे.”

 प्रद्योतने मान हळूहळू पडद्याकडे वळवली.

“पण इथं काहीच नाही…”

“कशावरून?”

“मी सगळं निवडून पुसलं.”

“सगळं?”

“सगळं. म्हणजे जे पुसता येतं ते सगळं.”

“आणि जे पुसता येत नाही?”

…

 मी चहा टाकायला उठले होते, ती दारातच थांबले.

“कुलूप लावलेला थर पुसला जात नाही,” प्रद्योत म्हणाला.

नकाशा काढणारे लोक वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या पारदर्शक थरांवर काढतात. भिंतींचा एक थर, जिन्यांचा दुसरा. कुणाचा चुकून हात लागू नये असं वाटलं तर त्या थराला कुलूप घालतात. मग तो हलवता येत नाही, पुसताही येत नाही.

“तुझ्याकडं आहे तसा थर?”

“एक आहे. पण त्याचा काही संबंध नाही सर. ते तसलं काही नाही.”

“काय आहे त्यात?”

“ते… मोजण्यासारखं नाही.”

“मोजलेलं सगळं आपण पुसलं,” सर म्हणाले. “आता न मोजलेलं दाखव.”

प्रद्योतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मघाशी वॉशरची फुशारकी मारणारा हा गडी चोरी पकडल्यासारखा बसला होता.

“आमचे आप्पा ड्राफ्ट्समन होते,” तो म्हणाला. “हाताने नकाशे काढायचे. कोरा कागद बोर्डवर ताणला की आधी वरच्या कोपऱ्यात बारीक श्री लिहायचे, मगच पहिली रेघ. श्री लिहिल्याशिवाय मला पेन्सिलीला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणून मी पण… कुठलंही मॉडेल सुरू करताना, अगदी सुरुवातीला… शून्यावर…”

“श्री लिहितोस.”

“मुंगीएवढा. कुणाला दिसत नाही. कुणी पुसू नये म्हणून कुलूप लावतो.”

मला वाटलं, सर हसतील. ते हसले नाहीत. ते खुर्ची आणखी पुढे घेऊन बसले.

“शून्यावर म्हणजे कुठं?”

“म्हणजे सुरुवातीच्या बिंदूवर. आडवं अंतर शून्य, उभं अंतर शून्य. नवीन फाईल उघडली की जिथून सगळं मोजतात तिथं.”

“आणि इमारत?”

“इमारतही तिथंच काढली. पूर्ण झाल्यावर मोजणीचे आकडे घेऊन सगळी उचलली आणि तिच्या खऱ्या जागेवर नेऊन ठेव…”

तो वाक्याच्या मध्येच थांबला.

…

“कुलूप लावलेलं हललं नसेल,” मी म्हणाले. मला राहवलंच नाही.

“बोलू नकोस,” सर मला म्हणाले. “त्याला बघू दे.”

प्रद्योतने वाटाड्यात नुसता नकाशा उघडला, इमारत नाही. शोधायच्या चौकटीत दोन शून्यं टाकली, म्हणजे आमच्या भागाची मोजणी जिथून सुरू होते तो बिंदू. नकाशा आमच्या गावावरून उठला आणि खाली खाली निघाला. कोल्हापूर गेलं. गोवा गेला. केरळचा किनारा मागे पडला. जमीन संपली. मालदीवची बेटं उजव्या हाताला राहिली, आणि विषुववृत्तावर, जिथे बेटही नाही आणि खडकही नाही, तिथे नकाशा थांबला.

सगळीकडे नुसती निळाई होती.

“समुद्र,” प्रद्योत म्हणाला.

“समुद्र!” सर म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने फाटला होता. “तुझा श्री समुद्रात आहे!”

“पण सर, एवढासा श्री. सगळ्या रुग्णालयापुढं त्याचं वजन काय? वॉशर त्याच्यापेक्षा जड आहे! तो एवढा मोठा वाटाड्या कसा पाडेल?”

 सर आतल्या खोलीत गेले आणि माझी तिथे ठेवलेली चादर घेऊन आले. चौकड्यांची, धुऊन विरलेली, पण कालच वाळवून घडी घातलेली माझी चादर.

“हे धर,” त्यांनी एक टोक प्रद्योतच्या हातात दिलं. “तू रुग्णालय. रत्ना, तू श्री. हे टोक धर आणि समुद्रावर जा.”

“मी?”

“जा. दारातून बाहेर.”

मी टोक धरून मागे सरले. चादर ताणली गेली.

“पाऊस येतोय असं समजा,” सर म्हणाले. “जे जे मॉडेलमध्ये आहे ते सगळं या एका चादरीखाली आलं पाहिजे. रुग्णालय पण आणि श्री पण. एकही चौकडी मोठी करायची नाही. बारीक ती बारीकच. जा रत्ना, अजून समुद्र कुठं आलाय!”

मी उंबऱ्यापर्यंत गेले. चादर अगदी ताठ झाली.

“जा!”

“सर, फाटेल.”

“जा म्हणतो ना!”

मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

टर्रकन चादर मधोमध फाटली. मी अंगणात पडता पडता वाचले आणि प्रद्योत खुर्चीसकट मागे सरकला. त्याच्या हातात अर्धी चादर, माझ्या हातात अर्धी. सर मध्ये उभे, दोघांकडे आळीपाळीने बघत, अंगठ्याने मिशी कुरवाळत.

…

“जाळी!” प्रद्योत ओरडला.

तो इतक्या जोरात उठला की टेबलावरचा माउस लोंबकळायला लागला.

“जाळी, सर! वाटाड्या आधी मॉडेलचा पसारा बघतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यावर बारीक चौकोनांची जाळी टाकतो! मी इथं शिकलो होतो हे, इथंच, या खोलीत! रुग्णालयाला पुरेल एवढी जाळी तो हसत हसत टाकेल. पण त्याला दिसतंय एक टोक आमच्या गावात आणि दुसरं टोक… अरे देवा! तो बिचारा सगळा अरबी समुद्र विणत बसलाय! वीतभर वीतभर! विणून विणून कॉम्प्युटरमधली जागा संपते आणि…”

“कोसळतो,” सर म्हणाले.

“म्हणून रिकामी फाईलही कोसळली! दोन टोकं तर तिच्यातही होती. इमारत पुसली तरी तिच्या खऱ्या जागेचे आकडे फाईलमध्ये राहतातच, आणि श्री…”

“मग थांबलायस कशाला? पोर वाट बघतंय.”

प्रद्योतची बोटं कीबोर्डवर नाचू लागली. त्याने मूळ फाईल उघडली. श्रीच्या थराचं कुलूप काढलं आणि तो थर झाकून ठेवला, म्हणजे वाटाड्याला तो दिसणार नव्हता. मग नळ आणि खाटा निवडायला लागला.

“हे काय करायलास?”

“नळ, खाटा काढतोय. हलकं असलेलं बरं.”

“तुझ्या नळांनी काय पाप केलंय? सगळं चढव. वॉशर पण चढव.”

“वॉशर पण?” प्रद्योत हसला. सकाळपासून पहिल्यांदा हसला असेल.

हिरवी पट्टी निघाली. अर्धी झाली. मी चहा विसरले होते. पाऊण झाली. कॉम्प्युटरचा पंखा घरघरला. पट्टी पाऊणवर घुटमळली… घुटमळली…

पुढे सरकली.

पडद्यावर आमच्या गावच्या नकाशात, बाजाराच्या मागच्या रिकाम्या जागेत, तळमजला उगवला. मग त्यावर पहिला मजला. मग दुसरा. खिडक्या आल्या, जिने आले, जिन्यांचे कठडे आले, खाटा आल्या. प्रद्योतने एका नळावर नेऊन नकाशा मोठा केला. नळाला आटे होते. सरांनी चष्मा वर करून ते आटे पाहिले आणि “अगाई गं” म्हणाले.

मी टाळ्या वाजवत होते. कधी सुरू केल्या ते मला कळलं नाही.

फाईल अग्निशमन केंद्राला गेली. प्रद्योतने फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला.

“हणबर बोलतेय.”

“मॅडम, तेरदाळे. आता उघडा.”

“अहो तेरदाळे, तीन वेळा कॉम्प्युटर बंद पडलाय माझा. आणि चारला किती कमी आहे बघताय ना?”

“शेवटचं उघडा मॅडम. पाया पडतो.”

पलीकडून माउसचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना. प्रद्योतने माझं मनगट धरलं. 

…

“थांबलंय,” हणबर मॅडम म्हणाल्या.

“किती झालंय?”

“पाऊण.”

सर फोनकडे वाकले. “थोडा दम धर, पोरी. म्हातारा आहे, चढताना थांबतो.”

“कोण बोलतंय?”

“वाटाड्याचा बाप.”

 आणि मग पलीकडचा आवाज बदलला.

“अहो… आलं. आलं की! हा तळमजला. हा उत्तरेचा जिना. हा दक्षिणेचा… बालविभाग तिसऱ्यावर ना? बरोबर. शिडी कुठल्या बाजूने लावायची तेही दिसतंय. तेरदाळे, हे नळ कशाला काढलेत हो एवढे?”

“हौस, मॅडम.”

“बरं आहेत. पाणी कुठून घ्यायचं ते कळतं. सही करून पाठवतेय संमती. उद्या सकाळी आमचे जवान येतील मदतीला, पेट्या जपून उतरवायला लागतील.”

फोन ठेवल्यावर प्रद्योतने टेबलावर डोकं टेकलं. तो रडत होता की हसत होता, मला कळलं नाही. सरांनी त्याच्या पाठीवर दोन-चार थापा मारल्या. थोड्या वेळाने मोबाइल वाजला आणि संमतीपत्र आलं. त्याने ते लगेच बहिणीला पाठवलं, मग तिलाच फोन लावून, “ताई, उद्या सकाळी,” एवढंच म्हणाला. पलीकडे ती जे बोलली ते ऐकायला मी खोलीत थांबले नाही. चहा टाकला. साखर जास्त टाकली.

चहा घेऊन आले तेव्हा तो जमिनीवर सरांच्या खुर्चीपाशी बसला होता.

“सर, तुमचं सॉफ्टवेअर लहान नव्हतं.”

“होतं की,” सर बशीत चहा ओतत म्हणाले. “एवढा समुद्र दिसल्यावर त्यानं बोंब ठोकायला पाहिजे होती. गप्प विणत बसलं येडं. उद्या शिकवतो त्याला.”

चहा झाला. प्रद्योत निघायच्या तयारीने उठला. बहीण वाट बघत होती. जाण्याआधी कॉम्प्युटर बंद करावा म्हणून तो पडद्याकडे वळला, आणि थांबला. झाकलेला थर तसाच होता. त्याने तो उघडला, आणि समुद्राच्या मधोमध जाऊन नकाशा मोठा करत नेला. मोठा, आणखी मोठा. शेवटी तो दिसला.

बारीक, वळणदार श्री होता. ते त्याच्या आप्पांचं वळण असावं, आजकालच्या पोरांचं अक्षर तसं नसतं.

“या एवढ्याशा सवयीपायी ते पोर…” प्रद्योत म्हणाला. त्याचा आवाज कडवट झाला होता. “आता पुन्हा कधी लिहिणार नाही सर. कानाला खडा.”

त्याने श्री निवडला. त्याचं बोट पुसायच्या बटणावर गेलं.

सरांनी त्याचं मनगट धरलं.

…

प्रद्योत बघत राहिला. सर सोडेनात.

“सर, हाच तर चोर निघाला ना?”

सरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. वरच्या दर्ग्यातून धूप घातल्याचा वास खाली येत होता.

“बाळ उद्या कुठल्या खोलीत येणार?” त्यांनी विचारलं.

“तिसरा मजला. उत्तरेची खोली. जिन्याशेजारची.”

“दाखव.”

प्रद्योतने डाव्या हाताने नकाशा समुद्रावरून परत आणला. किनारा आला, डोंगर आले, गाव आलं. रुग्णालय आलं. तिसरा मजला, उत्तरेची खोली, आणि खोलीत त्याने काढलेली काचेची पेटी. पेटी रिकामी होती. तिच्या वर कोरं, गुळगुळीत छत होतं.

“चांगली खोली आहे,” सर म्हणाले.

“हो सर.”

“ऊन येतं?”

“सकाळचं येतं.”

…

सरांनी त्याचं मनगट सोडलं.

“मग श्रीला एकट्याला समुद्रात का ठेवलंस? आत घे की.”